सात दिवसांत वाघ आणि समुद्र

दसरा आटोपला, कीं आमच्या बीड जिल्ह्यांत दोन प्रकारच्या प्रवासाची सिद्धता सुरू होते. एक प्रवास ट्रक आणि ट्रॅक्टर यांचा. गांवोगांवचीं कुटुंबें भांडींकुंडीं, शेळ्या, लेंकरें आणि कोयते बरोबर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस निघतात, तीं उन्हाळा लागतांना परततात. दुसरा प्रवास तुमचाआमचा; म्हणजे पगारी रजा, बोनस आणि शाळेची सुटी यांचा त्रिवेणी संगम ज्यांस लाभतो अशा मंडळींचा. पहिल्या प्रवासाची जाहिरात करावी लागत नाहीं. दुसऱ्याचीं पत्रकें मात्र वर्तमानपत्राच्या घडींतून घरांत येऊन पडतात. असेंच एक पत्रक यंदां आमच्या घरीं आलें. वर वाघ, खालीं नारळाचें झाड, मध्यें हंसतमुख चौकोनी कुटुंब, आणि ठळक अक्षरांत 'सात दिवस, सहा रात्री : ताडोबाचें जंगल आणि कोंकणचा समुद्र'. प्रस्तुत लेख त्या पत्रकास उत्तर म्हणून लिहिला आहे. पत्रक काढणाऱ्या गृहस्थांशीं आमचें वैर नाहीं. जें मागितलें जातें तें ते विकतात. आमचा वाद मागणाऱ्यांशीं आहे, आणि त्यांत आम्ही स्वतः आलोंच.

वाद घालण्याचा अधिकार आम्हांस अनुभवानें मिळालेला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं अशीच एक सहल आम्हीं सहकुटुंब केली. बीडहून चंद्रपूर साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास. आणि तेथून मालवणचा किनारा म्हणजे महाराष्ट्राचें एक टोक सोडून दुसरें टोक गांठणें. परत आल्यावर, हिशेबाची जुनी खोड असल्यामुळें, आम्हीं तास मांडून पाहिले. जागेपणीच्या तासांपैकीं जवळजवळ निम्मे तास आमचें ढुंगण कोणत्या ना कोणत्या वाहनाच्या आसनाला चिकटलेलें होतें. (शब्द ग्राम्य आहे, पण वेदनाहि तेथेंच होती.) जंगलाच्या वाट्याला तीन फेऱ्या आल्या, समुद्राच्या वाट्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ. आमच्या आठ वर्षांच्या पुतण्यास शाळेंत सहलीवर निबंध लिहावयास सांगितला, तेव्हां त्याच्या निबंधाचें पहिलें वाक्य होतें, 'आम्ही खूप ढाबे पाहिले.' गुरुजींनीं त्याला दहांपैकीं चार गुण दिले. आम्हीं नऊ दिले असते.

एवढें वाचून घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतील, 'आम्ही हेंच सांगत होतों. घरीं बसा. समुद्र काय पाहावयाचा? पाणीच तें!' या मंडळींची आणि आमची वाट येथें वेगळी होते. 'पाणीच तें' हें वाक्य कोंकणांतल्या माणसाच्या तोंडीं शोभेल. बीडच्या माणसानें तें उच्चारावें याचें आश्चर्य वाटतें. आमचा जिल्हा पर्जन्यछायेचा. २०१६ सालीं केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट कोणी विसरलेला नाहीं. ज्या मुलानें नळाला कित्येक दिवसांनीं येणारें पाणी घागरींत, पिंपांत, शेवटीं पातेल्यांतसुद्धां भरण्यास आईला हातभार लावला आहे, त्यानें क्षितिजापर्यंत पसरलेलें पाणी एकदां डोळ्यांनीं पाहावें, आणि तें पितां येत नाहीं हेंहि जिभेनें चाखून पाहावें. त्याला समुद्र दाखविणें ही चैन नव्हे. शिवाय घरांतील स्त्रीचा सात दिवस चुलीशीं संबंध सुटतो, हा लाभ पुरुषांनीं लिहिलेल्या प्रवासवर्णनांत सहसा नमूद होत नाहीं. तेव्हां जावें, जरूर जावें. प्रश्न एवढाच, कीं सात दिवसांत काय काय उरकावें.

'उरकणें' हाच शब्द आमच्या मतें साऱ्या अनर्थाचें मूळ आहे. ताडोबा उरकला, सिंधुदुर्ग उरकला, वाटेंत कोल्हापूरची अंबाबाई उरकली! बाजाराची यादी हातांत घेऊन फिरावें तसे आपण रानांत आणि किनाऱ्यावर फिरतों; आणि यादींत वाघाच्या पुढें खूण झाली नाहीं, तर दुकानदाराशीं भांडावें तसे वाटाड्याशीं भांडतों. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, अंधारीचें अभयारण्य १९८६ सालचें, आणि १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथें गवे आहेत, अस्वलें आहेत, टोळीनें शिकार करणारे कोळसुंदे आहेत. सागाच्या आणि बांबूच्या गर्दींत कांडोळाचीं पांढरीं झाडें चांदण्यांत उभीं असावींत तशीं दिवसाढवळ्या उभीं असतात. रानाला नांव देणारा तारू हा गोंडांचा पुढारी वाघाशीं झुंजतांना पडला आणि देव झाला, अशी तेथील कथा. तलावाच्या कांठीं त्याचें ठाणें आहे. यांतलें आमच्या गाडींतील किती जणांनीं ऐकलें? समोरून दुसरी गाडी आली, कीं दोन्हीकडून एकच प्रश्न : 'सायटिंग झालें का?' झालें असेल तर धन्य. नसेल तर 'पैसे वायां गेले.' साडेतीन तास रानांत फिरून आलेला मनुष्य 'कांहींच दिसलें नाहीं' असें म्हणतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांची नव्हे, तर त्याच्या सहलीच्या आराखड्याची परीक्षा करावी.

हा नुसता अभिरुचीचा प्रश्न असता, तर आम्हीं लेखणी उचलली नसती. घाईचा शेवट क्रौर्यांत होतो, म्हणून उचलली. २०२४ सालच्या अखेरच्या दिवशीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आपल्या पांच बछड्यांना घेऊन जात असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं तिची वाट दोन्ही बाजूंनीं अडविली. त्या प्रकाराचीं चलच्चित्रें घरोघरच्या मोबाईलवर पोंचलीं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची स्वतःहून दखल घेतली. वाटाड्यांना व गाडीवानांना शासन झालें, तें योग्यच झालें. पण त्या गाड्यांत बसले होते ते कोण? ते कांहीं दरोडेखोर नव्हते. मुलांना वाघ दाखवावयास आलेले, सरळ मार्गानें पैसे भरलेले, उद्यां दुसऱ्या गांवीं पोंचावयाचें असलेले तुमच्याआमच्यासारखेच गृहस्थ असणार. ज्याच्याजवळ एकच फेरी आहे, त्याला वाघीण आज, आत्तां, याच वळणावर हवी असते. आणि गाडीवानाला त्याच्या नाराजीचें भय असतें. वाघिणीची वाट अडविली ती सात दिवसांच्या त्या तक्त्यानें.

याच सुमारास, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरांतच, आमच्या शेजारीं एक अद्भुत घडलें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ शेंकडों किलोमीटर चालत धाराशिव जिल्ह्यांत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यांत येऊन पोंचला. वाटेंत शेतें, सडका, कालवे, गांवें. त्यानें कोणाकडे आरक्षण केलें नव्हतें. ज्या प्राण्यासाठीं आपण विदर्भाच्या पार पूर्वेस जातों, तो आपण होऊन मराठवाड्याच्या अंगणांत आला होता! त्याचें स्वागत कसें झालें? त्याला पकडून नेण्यासाठीं बाहेरून पथकें बोलावण्यांत आलीं आणि तो बराच काळ त्यांना चकवीत राहिला. ज्याची जनावरें त्यानें मारलीं, त्या शेतकऱ्यानें 'वाघ घेऊन जा' म्हटलें तर त्याला बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. २०२० च्या नोव्हेंबरांत आमच्याच आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, तेव्हां शेतांत रात्रीं पाणी द्यावयास जाणाऱ्याची काय अवस्था झाली होती, तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. परंतु ज्यांना शेत नाहीं, गोठा नाहीं, ज्यांच्या दिवाणखान्यांत ताडोबाच्या वाघाची चौकट टांगलेली आहे, त्यांनींहि 'हें जनावर आमच्याकडे कशाला?' असे संदेश एकमेकांस धाडावे, हें आम्हांस उमगत नाहीं. वाघ चंद्रपुरास असला तर राष्ट्राचें वैभव, आणि येडशीस आला तर संकट! म्हणजे आपलें वाघावर प्रेम नसून तिकिटावर आहे, असेंच म्हणावें लागतें.

आणि खुद्द बीडचें काय? पाटोदा तालुक्यांत नायगांवचें मयूर अभयारण्य आहे. १९९४ सालीं तें घोषित झालें. क्षेत्र सुमारें तीस चौरस किलोमीटर. बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, खुरटें काटेरी रान, आणि मोर. तें बीडहून इतकें जवळ आहे, कीं सकाळीं जाऊन दुपारच्या जेवणास घरीं येतां येतें. आम्ही तेथें पहिल्यांदां गेलों तेव्हां आमचें वय चव्वेचाळीस वर्षांचें होतें. त्यापूर्वीं आम्हीं बंगालच्या वाघाचीं पुस्तकें वाचलीं होतीं, आफ्रिकेंतल्या सिंहांचीं चलच्चित्रें पाहिलीं होतीं. पहिल्या पावसानंतर एखादा मोर खडकावर चढून पिसारा उभा करतो आणि तो पेलतांना वाऱ्यानें किंचित् कलंडतो, हें मात्र पाहिलें नव्हतें. पावसाळा सरतांना तीं पिसें गळून पडतात. म्हणजे दिवाळींत तेथें गेलेल्यास भुंडा मोर दिसतो आणि तो निराश होतो. निसर्गाचें पंचांग आमच्या सुट्यांवर बेतलेलें नाहीं, हा धडा बीडच्या मुलास मोराकडून फुकट मिळण्यासारखा आहे. पण शिकवणीच्या वर्गामुळें त्याला सवड नसते.

आपल्या रानाकडे आपणच पाहत नाहीं, म्हणून जगानेंहि तें पाहिलें तें विचित्र कारणांनीं. २०२१ च्या डिसेंबरांत माजलगांव तालुक्यांतील लवूळच्या माकडांनीं कुत्र्यांच्या पिलांविरुद्ध सूडयुद्ध पुकारल्याची बातमी परदेशांतल्या पत्रांतूनहि झळकली. पिलांचा आंकडा जसजसा दूर गेला तसतसा फुगत गेला. २०२५ सालीं शिरूर कासार तालुक्यांतील हरणांच्या शिकारीच्या आरोपांवरून गदारोळ उठला. बीडच्या वन्य जीवनाविषयीं वर्षानुवर्षांत आमच्या बैठकींत जें बोलणें झालें, तें एवढेंच : एक विनोद आणि एक गुन्हा.

खरें म्हणजे या जिल्ह्यांत वन्य पशूंची प्रत्यक्ष ओळख कोणास असेल, तर ती आरंभीं उल्लेखिलेल्या पहिल्या प्रवाशांना. पश्चिम महाराष्ट्रांत, विशेषतः जुन्नरकडील भागांत, बिबट्यांनीं उसालाच रान मानलें आहे. मादी उसांत वितें. आणि तोड सुरू झाली, कीं कोयत्याच्या पुढें एकाएकीं मांजराएवढे बछडे उघडे पडतात. तेथें काम थांबवून, वन खात्याला कळवून, बछडे टोपलीखालीं ठेवून रात्रीं मादीनें ते परत न्यावेत अशी व्यवस्था करण्याची रीत आतां तिकडे रुळली आहे. थोड्याच अंतरावर पाचटाच्या कोपींत बीडच्या मजुरांचीं मुलें झोंपलेलीं असतात. ती आई रात्रभर काय ऐकत असेल! तिला कोणी 'सायटिंग झालें का' म्हणून विचारीत नाहीं. या बायकांपैकीं एखादीला शाळेंत बोलावून बिबट्याविषयीं मुलांपुढें चार वाक्यें बोलावयास सांगावें, असें आम्हीं एका मुख्याध्यापकांस सुचविलें. त्यांनीं स्मित केलें आणि चहा मागविला.

टीका पुष्कळ झाली. 'मग करावें काय तें सांगा' असा प्रश्न वाचक करणारच, आणि तो रास्त आहे. आमचें उत्तर असें, कीं सात दिवसांसाठीं एकच ठिकाण निवडावें, आणि रान व समुद्र दोन्ही हवींत असा मुलांचा हट्ट असेल तर जेथें रान समुद्राला टेकलें आहे तेथें जावें. असें ठिकाण महाराष्ट्रांत आहे. रायगड जिल्ह्यांत मुरूड आणि काशीद यांच्या पाठीशीं फणसाडचें अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नबाबाचें तें शिकारीचें राखीव रान. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. क्षेत्र पन्नास चौरस किलोमीटरांहून कांहीं अधिक. येथें वाघ नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे कोणी आमच्यावर फिर्याद करणार नाहीं. बिबट्या आहे, तो दिसणार नाहीं. भेकर आहे, तें भुंकलेलें ऐकूं येईल. आणि शेकरू आहे, जो महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून आमच्या पिढींतील बहुतेकांनीं केवळ सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत पाहिलेला आहे. उंच झाडांच्या शेंड्यांत काटक्यापानांचे मोठे गोळे दिसतात, तीं त्याचीं घरटीं. एकच शेकरू अशीं अनेक बांधतो. गारंबीच्या वेली झाडांवरून झाडांवर गेलेल्या असतात आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. रानांतल्या पाणवठ्यांना तेथें 'गाण' म्हणतात. सुपेगांवाहून आंत शिरावें, गांवांतला वाटाड्या घ्यावा, पायीं चालावें आणि गाणाजवळ तासभर तोंड मिटून बसावें. मुलें बसत नाहींत असें म्हणतात. आमचा अनुभव असा, कीं मुलें बसतात. बापांचा हात खिशांतल्या मोबाईलकडे जातो.

समुद्राचें वेळापत्रक मात्र आधीं पाहावें, आणि तें पंचांगांत आहे. कोंकणांतला जुना हिशेब असा : तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, जें उत्तर येईल, त्या वाजतां भरती पूर्ण होते, आणि तेथून सुमारें सवासहा तासांनीं ओहोटी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळसंध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, दुपारीं ओहोटी, आणि पाणी फारसें चढतहि नाहीं कीं उतरतहि नाहीं, ती भांगाची भरती. पौर्णिमा-अमावास्येस भरती बाराच्या आसपास, उधाणाची. आणि ओहोटी पहांटे व सांजेला, खडक दूरवर उघडे टाकणारी. हा हिशेब मुलाकडून करवून घ्यावा. पावकी-निमकीचें गणित त्याला प्रथमच उपयोगी पडल्याचा आनंद होईल. ओहोटीला खडकांवर जावें. डबक्यांत समुद्रफुलें उमललेलीं असतात, बोट लावतांच मिटतात. दुसऱ्याच्या शंखांत बिऱ्हाड करून राहणारे खेकडे असतात. कोळिणी कोयतीनें खडकावरचीं कालवें फोडीत बसलेल्या असतात. खाडीच्या चिखलांत, तिवरांच्या मुळांशीं, निवटे उड्या मारीत फिरतात : मासा असून पाण्याबाहेर! वन्य जीवन याहून वेगळें काय असतें? पट्टे नसले, कीं तें वन्य नव्हे काय?

दिवाळींत जावयाचें तर भाऊबीज घरीं करून तृतीयेस निघावें. बीडला आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजीं एकदांची पोंचली. मार्ग मंजूर झाला होता १९९५ सालीं. तेव्हां तीस वर्षें वाट पाहिलेल्या त्या गाडीनें अहिल्यानगरपर्यंत जाण्याची हौस मुलांना असेल तर ती पुरवावी. रात्रीं पुण्यास मुक्काम. पुण्यास नातेवाईक नसलेलें बीडचें घर आम्हांस माहीत नाहीं. चतुर्थीस ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरावें. पंचमी, षष्ठी, सप्तमी हे तीन दिवस पूर्ण तेथें. पंचमीस ओहोटी सकाळीं दहाच्या सुमारास, पुढें दररोज सुमारें पाऊण तास उशिरा. म्हणून रान पहांटे आणि खडक त्यानंतर. एक दिवस राजपुरीहून शिडाच्या होडीनें जंजिऱ्यास. हा किल्ला मराठ्यांना कधीं घेतां आला नाहीं, हेंहि मुलांना मोकळेपणानें सांगावें. अष्टमीस परत पुण्यास, नवमीस घरीं. पत्रकांतल्या सहलीच्या मानानें हें अगदींच दरिद्री दिसेल. ठिकाणें तीन, छायाचित्रें थोडीं, वाघ शून्य.

'पण आयुष्यांत एकदांच जाणें होतें, मग वाघ पाहूं नये काय?' या आक्षेपांत वजन आहे, हें आम्ही मान्य करतों. ज्यानें वर्षभर पैसा पैसा जमविला, त्याला 'थांबून पाहा' म्हणणें सोपें आणि त्यानें थांबणें कठीण. त्याला आम्ही एवढेंच सांगूं, कीं ताडोबास जावयाचें तर सातहि दिवस ताडोबासच द्यावे. एका फेरीवर सारी आशा न टांगतां बफर भागांतल्या फेऱ्या घ्याव्या, तलावाकांठचे पक्षी पाहावे, मोहर्लीसारख्या गांवांत राहावें, आणि समुद्र पुढच्या वर्षीं. रत्नागिरी जिल्ह्यांतल्या वेळासचें उदाहरण घ्या. तेथें २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें आणि गांवकऱ्यांनीं सागरी कासवांचीं अंडीं जपलीं आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशीं पिलें निघतात तीं पाहावयास लोक येतात, घरोघरीं उतरतात. सकाळीं टोपली उचलली आणि खालीं एकहि पिलूं नसलें, तर संध्याकाळपर्यंत थांबावयाचें. तेव्हांहि नसलें तर उद्यां. एका दिवसाच्या बोलीवर आलेलीं मंडळी चिडून निघून जातात, आणि कित्येकदां त्यांच्या पाठोपाठ वाळू हलूं लागते.

आमच्या घरीं यंदांचा बेत वर सांगितल्याप्रमाणें ठरला आहे. पुतण्यानें तिथ्यांची पाऊणपट करून कागद भिंतीला चिकटविला आहे. षष्ठीच्या हिशेबांत त्याची चूक झाली होती, ती त्याच्या बहिणीनें काढली. पत्रक रद्दींत गेलें. अडचण एकच उरली आहे. आमच्या मातोश्री बरोबर येणार आहेत, आणि नकाशा पाहण्यास चष्मा लावून बसल्या असतां त्यांना असा शोध लागला, कीं आगरदांड्याहून तरीनें खाडी ओलांडली तर पलीकडून हरिहरेश्वर कांहीं फार दूर नाहीं. एका ठिकाणाचें तत्त्व आम्हीं त्यांना पुनःपुन्हा समजावून सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि सप्तमीच्या पुढें आपल्या हातानें 'देव' असा शब्द लिहून ठेवला आहे.